आजोबांचे मौन आणि डावीकडे वळणारा चेंडू

३ सप्टेंबर, बुधवार

पालिकेचा माणूस सकाळी येऊन भिंतीवर कागद डकवून गेला. आमची गल्ली पाडून तिथे मोटारी उभ्या करायची जागा करणार आहेत. खाली बारीक अक्षरात एक पळवाट होती, आणि बारीक अक्षर वाचायची सवय या घरात फक्त मला आहे. गल्लीला ऐतिहासिक महत्त्व असेल, आणि फुटबॉलच्या दोन्ही कारखान्यांनी मिळून एकच इतिहास, एकच अर्ज महिनाअखेर सादर केला, तर पुढच्या खोल्यांत चेंडूंचे संग्रहालय होईल आणि कारखाने मागे चालू राहतील.

धाकटा भाऊ शिवणखोलीच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसला होता.

"ताई, संपलं सगळं. माझ्याकडे बावीस बायका शिवायला बसतात. त्यांना काय सांगू?"

"त्यांना सांग, काम करा. इतिहास मी लिहिते."

"एकच इतिहास? आणि भिंतीपलीकडच्याची सही?"

"इतिहास एकच असतो. आपला."

त्याने कपाळावरचा हात काढला होता तो परत लावला.

मी इतिहासाची पदवीधर आहे. आमच्या वेळी वर्गात तीन मुली होत्या. एकीने लग्न केले, दुसरी परदेशी गेली, परीक्षा मी दिली. पुढे तीस वर्षे मुख्याध्यापिका होते. अडीचशे पोरांना एका नजरेत गप्प करता येते, तर भिंतीपलीकडचा एक हवाकाका काय चीज आहे?

६ सप्टेंबर

हवाकाकांकडे जाऊन आले. सगळी गल्ली त्यांना हवाकाका म्हणते म्हणून मीही म्हणते. नाही तर वयाने ते माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे आहेत.

भांडण असे आहे. आमचे आजोबा खोगिरे शिवायचे. त्यांचे आजोबा रबराची ठिगळे लावायचे. गावाबाहेर फौजेचा तळ होता. तिथला फुटबॉल फाटला की कातडे आमच्या आजोबांकडे यायचे आणि आतली हवेची रबरी पिशवी, म्हणजे ब्लॅडर, त्यांच्या आजोबांकडे. एके दिवशी दोघांनी मिळून अख्खा नवा चेंडू केला. या शहरातला तो पहिला. तो केला कुणी, यावर दोन्ही घरे नव्वद वर्षे भांडत आहेत. दोघांची कामाची खोली एकच होती, तिच्यात तेव्हाच मधोमध भिंत बांधली गेली. ती भिंत अजून आहे, छतापर्यंत मात्र पोचलेली नाही. तिच्या अलीकडे आम्ही शिवतो, पलीकडे ते हवा भरतात.

"हवा नसेल तर तुमचा चेंडू म्हणजे बाजाराची पिशवी," हवाकाका म्हणाले.

"आणि कातडे नसेल तर तुमचा ब्लॅडर म्हणजे जत्रेतला फुगा," मी म्हणाले.

"मी सही करीन, बाईसाहेब. पण पुस्तकाच्या पहिल्या ओळीत माझ्या आजोबांचं नाव येणार का? हो की नाही, एवढं सांगा."

"पुरावे पाहून कळवीन."

चहा बरा होता. त्यांनी भिंतीकडे तोंड करून तो प्यायला.

९ सप्टेंबर

थोरल्या आत्यांकडे गेले. आजोबांच्या संततीतल्या त्या एकट्याच उरल्या आहेत. नव्वदीला टेकल्या आहेत, ऐकू कमी येते, पण बोलणे एकदा सुरू झाले की चेंडू उतारावर सोडल्यासारखे. त्यातले उपयोगाचे वेचणे हेच इतिहासकाराचे काम.

मिळालेला मजकूर असा. पहिला चेंडू पलटणीच्या मोठ्या सामन्यासाठी केला. सामना रेल्वेच्या संघाशी होता. शेवटच्या क्षणी पलटणीच्या एका हवालदाराने सरळ बाहेर जाणारा फटका मारला, आणि चेंडू मनात आल्यासारखा डावीकडे वळून जाळ्यात गेला. रेल्वेचा गोलरक्षक उजवीकडे पडून राहिला. आठवडाभरात पत्रे आली, 'असाच वळणारा चेंडू दोन डझन पाठवा.' आमच्या उद्योगाची सुरुवात ही. पाठवलेले दोन डझन सरळ गेले, पण तोवर नाव झाले होते.

आणि आता खरी गोष्ट. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चेंडू पुरा झाला, तेव्हापासून आजोबा बोलेनासे झाले. गळपट्टी तोंडाभोवती गुंडाळून फिरायचे. अन्न असे नाहीच, फक्त दूध आणि पातळ खीर. आजी विचारून थकली. चार-पाच महिन्यांनी ते परगावी गेले, आले आणि घडाघडा बोलू लागले.

चेंडू पलटणीच्या काचेच्या कपाटात ठेवला होता. आजोबा दर रविवारी तिथे जाऊन हात बांधून कपाटासमोर उभे राहायचे. पहारेकरी हाकलेपर्यंत. निर्मितीवर केवढी ही माया!

रस्त्याने येताना माझ्या अंगावर काटा आला. हे साधे गप्प बसणे नव्हे. जे शिवायचे ते शिवले, आता शब्दांची गरज नाही, अशी ती अवस्था असणार. तिसऱ्या प्रकरणाचे नाव सुचले : मौनपर्व.

आत्यांनी आणखी बरेच सांगितले, पण ते पाल्हाळ. ऐन तिशीत एका घोड्याने लाथ मारून आजोबांचे दात पाडले होते, छावणीतल्या दंतवैद्याने कवळी करून दिली होती, ती हसताना पुढे यायची आणि आजी म्हणायची, "आधी ती बसवा, मग मला हसवा." अशा तपशिलांना इतिहासात स्थान नाही. गाळले.

१० सप्टेंबर

अख्खा दिवस मौनपर्व लिहिले. अकरा पाने झाली. 'नीरवता' हा शब्द जरा वारंवार आला आहे, पण तिथे दुसरा चालत नाही.

पहिला चेंडू आता आमच्या शिवणखोलीत आहे. फौज गेल्यावर कपाट क्लबाकडे आले, क्लब बुडाल्यावर आमच्याकडे. आजोबा तोवर गेले होते. चेंडू वाळलेल्या भोपळ्यासारखा दिसतो. भावजय कपाट पुसते तेव्हा आत काहीतरी खुळखुळते. मेणाचा गोळा वाळला असेल.

११ सप्टेंबर

वाईट दिवस.

शिवणखोलीत गेले होते. बायका लाकडी चिमटा गुडघ्यांत धरून, दोन हातांत दोन सुया घेऊन शिवत होत्या. चेंडू आधी उलटा शिवतात, मग एका फटीतून मोजा उलटवावा तसा सुलटा करतात, आणि उरलेली फट बाहेरून बंद करतात. ही शेवटची शिवण सगळ्यात अवघड. ती करणारीला आमच्याकडे गाठवालीच म्हणतात. शाळेत माझ्याच हाताखाली होती. नागरिकशास्त्रात कच्ची.

"गाठ आवळताना आजोबा दोरा दातांनी ओढायचे," मी म्हणाले. "आत्यांनी सांगितलंय."

"दातांनी? बाई, मेणाचा दोरा आहे हा. बैल बांधला तरी तुटायचा नाही."

"तुम्ही लोक सोपं शोधता म्हणून कला बुडते. आण इकडे."

चेंडू मांडीवर घेतला. फट माझ्याकडे तोंड करून उघडी होती. दोरा दातांत धरला आणि ओढला.

माझी वरची कवळी तीन दातांची आहे. ती मी आठ वर्षे वापरते आहे, आणि या घरात हे कुणाला माहीत नाही. दोरा ताणला गेला, काहीतरी टक् झाले, आणि तोंडात मोकळे वाटले.

मी ताबडतोब रुमाल तोंडाला लावून खोकले. खोकत खोकत गल्लीत गेले, कोपऱ्यापर्यंत खोकले, नळाशीही खोकले. परत येऊन सतरंजीखाली, तुकड्यांच्या ढिगात, माझ्या चपलांत शोधले. नाही. खोकताना गटारात गेली हे उघड आहे. दुसरे काही संभवतच नाही.

मी परत येईपर्यंत गाठवालीने चेंडू बंद करून ढिगात टाकलाही होता. काम मात्र झपाट्याने करते, हे मान्य केले पाहिजे.

१२ सप्टेंबर

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दाराला कुलूप. मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेले आहेत, एक तारखेला येतील. दुसऱ्या डॉक्टरांकडची मदतनीस बाई आमच्या गल्लीतलीच आहे. तिला सांगण्यापेक्षा वर्तमानपत्रात छापलेले बरे.

आरशात पाहिले. 'इतिहास' म्हणून पाहिले. शीळ वाजते. तीस वर्षे जिच्या आवाजाने वऱ्हांडे ओस पडायचे, तिने आता किटलीसारखे बोलायचे?

दुपारी एक निर्णय घेतला. मौनपर्व लिहिणाऱ्याने थोडे मौन स्वतः अनुभवावे, हे शास्त्रशुद्ध आहे. काम संपेपर्यंत बोलणार नाही. पाटीवर लिहून सर्वांना कळवले. याचा दातांशी काही संबंध नाही, तो योगायोग.

धाकटा भारावून गेला. भावजय म्हणाली, "असं होय, वन्सं," आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांड्यात भांडे आपटत खुसखुसत राहिली. तिला कशाचे एवढे हसू येत होते, कळले नाही.

१४ सप्टेंबर

भावजय हल्ली सगळेच फार मऊ शिजवते. आज भाजीला अक्षरशः काही ताकद राहिली नव्हती. वयोमानाने तिचा हात बिघडत चालला आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून दोनदा वाढून घेतले.

आजोबांसारखी तोंडाला गळपट्टी गुंडाळून पाहिली. विलक्षण एकाग्रता येते.

१६ सप्टेंबर

हवाकाका आले.

"काय ठरलं, बाईसाहेब? पहिल्या ओळीत आमचं नाव, हो की नाही?"

माझे उत्तर 'नाही, पण' असे होते. 'नाही' मानेने सांगता येते; 'पण' सांगता येत नाही. पाटी वर राहिली होती. मी नुसती उभी राहिले.

"ऐकलं ना?"

मी रुमाल तोंडाला लावून भिंतीकडे पाहिले. त्यांनीही भिंतीकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा टायरसारखा काळा पडला.

"कळलं," ते म्हणाले आणि गेले.

काय कळले, कुणास ठाऊक.

१९ सप्टेंबर

पाटी घेऊन त्यांच्या दारी गेले. दोन्ही बाजूंनी लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, मुद्दे पाडून. त्यांनी पाटीकडे बघितलेही नाही.

"माझ्याशी बोलायचं असेल तर तोंडानं बोला. पाट्या शाळेत दाखवा."

मी पाटी हलवली.

"माझ्या आजोबांशीही असंच झालं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच मला आवडले नाही. "सामना जिंकला. माझा आजा दुसऱ्या दिवशी तुमच्या आजाकडे गेला. म्हणाला, गड्या, आता आपण भागीत कारखाना काढू. तुमच्या आजानं तोंड वळवलं. परत गेला, परत तेच. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तुमच्या आजानं गळपट्टी नाकापर्यंत ओढली आणि आतल्या खोलीत निघून गेला. नाव झालं, तसा जुना दोस्त बोलायच्या लायकीचा राहिला नाही. मग माझ्या आजानं विटा आणल्या. तुमची सगळी जातच तसली."

मला सांगायचे होते की ते मौन गर्वाचे नव्हते, ती एक उच्च अवस्था होती. अकरा पानांत सिद्ध केले आहे. पण अकरा पाने त्यांनी वाचली नसती, आणि तोंड मी उघडले नसते.

"सही मिळणार नाही," हवाकाका म्हणाले. "होऊ दे मोटारींचा तळ."

२० सप्टेंबर

धाकटा जेवला नाही. गाठवालीने विचारले, "दादा, दिवाणखान्याच्या गाद्या शिवायचं काम मिळतं का कुठं?" तो म्हणाला, बघू. बावीस बायका दिवसभर गप्प बसून शिवत होत्या. एवढी शांतता मी शाळेतही पाहिली नव्हती, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

निर्यातीचा माल वजनाला लावला. एक चेंडू काट्यावर जड भरला.

"हवा जास्त असेल," धाकटा म्हणाला.

"हवेला वजन असतं होय?" गाठवाली म्हणाली. "हा एका कुशीवरच वळतोय, दादा. बघा, सोडला की डावीकडं."

माल बाद. कपाटाखाली टाकला. अशा दुर्लक्षाने उद्योग बुडतात, असा शेरा पाचव्या प्रकरणात घालणार आहे. (पाचव्या प्रकरणाचे नाव : सिंथेटिकचा काळ. त्यापुढचे सहावे : रडारडीचा काळ.)

२३ सप्टेंबर

भावजय रात्री वाढताना म्हणाली, "वन्सं, एक बोलू का?"

मी पाटीवर लिहिले, 'बोल.'

"जे गेलं ते गेलं. नवं बसवता येतं. लाजायचं कशाला? माझ्या आईनं तर पन्नाशीतच बसवलं."

तिच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, ते आठवले. माझे गुडघे उत्तम आहेत. तसे पाटीवर लिहिले. तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "भात आणखी घ्या."

२६ सप्टेंबर

पालिकेची अधिकारी आली. कोवळी पोर, पण हातात पांढरे मोजे आणि बोलण्यात ठामपणा, मला आवडली. सगळे तिला हातमोजेवाली म्हणू लागले आहेत. तिने कपाटातला चेंडू पाहिला, काच ठोकली, माझी एकशे चाळीस पाने चाळली.

"लेखन छान आहे," ती म्हणाली. "मौनाचं प्रकरण तर... खूपच आहे. पण दोन सह्या नसतील तर माझा नाइलाज आहे. महिनाअखेर चार दिवसांवर आहे."

एवढ्यात भिंतीच्या टोकावरून हवाकाकांचे डोके वर आले. पलीकडे स्टुलावर उभे होते.

"माझी एक अट आहे. तो चेंडू उघडा. आत माझ्या आजोबांचा ब्लॅडर आहे, त्यावर त्यांचा शिक्का आहे. तो सगळ्यांसमोर निघू दे, पहिल्या ओळीत नाव लागू दे, मग सही देतो."

नव्वद वर्षांत तो चेंडू कुणी उघडला नव्हता. धाकटा माझ्याकडे पाहू लागला. मौनपर्वात मीच लिहिले आहे की 'त्या चेंडूच्या गर्भात आजोबांचे मौन साठले आहे.' मौन काढून दाखवायला माझी हरकत कशी असेल?

पाटीवर लिहिले, 'उघडा.'

२८ सप्टेंबर

जे झाले ते क्रमाने लिहिणार.

शिवणखोलीत सगळे जमले. बावीस बायका, पलीकडचे सात-आठ हवा भरणारे, थोरल्या आत्या खुर्चीवर. हातमोजेवालीने टेबलावर पांढरे कापड अंथरले, चेंडू ठेवला. जुन्या चेंडूला पादत्राणासारखी नाडी असते. तिने नाडी ओली केली, सैल केली, चिमट्याने हळूहळू काढली. गल्लीतली पोरे भिंतीवर चढून बसली होती. माझ्या मनात एकच शब्द होता : नीरवता.

आधी वाळल्या कातड्याचा भुसा पडला. मग तिने दोन बोटे आत घातली आणि ब्लॅडर ओढला. तो वाळून खजुरासारखा झाला होता. त्यावर शिक्का होता.

"माझा आजा!" हवाकाका ओरडले.

"थांबा," हातमोजेवाली म्हणाली. "याला काहीतरी चिकटलंय."

तिने तो उजेडात धरला. ब्लॅडर हसत होता. वर एक ओळ, खाली एक ओळ, मध्ये रबराचा घास धरलेला. बत्तीसच्या बत्तीस.

"दात आहेत," गाठवाली म्हणाली.

"कुणाचे?" धाकट्याने विचारले.

थोरल्या आत्या खुर्चीतून पुढे वाकल्या. "अगं बाई, ही तर बाबांची कवळी! आई जन्मभर म्हणायची, कुठं ठेवली ते सांगत नाहीत आणि नवीला पैसे साठवतात!"

भावजय आधी हसली. मग बायका. मग भिंतीवर बसलेली पोरे खाली पडली. मी हसले नाही. मला एकापाठोपाठ एक सगळे दिसत होते. दोरा ओढायला दात. मेणात रुतून सुटलेली कवळी. क्षणभर ठेवायला मांडीवरच्या उघड्या चेंडूइतकी सोयीची जागा कुठली? तेवढ्यात दारात पलटणीचा माणूस, चेंडू दे, चेंडू दे म्हणून. ब्लॅडर आत, हवा, नाडी, आणि चेंडू गेला. डावीकडे का वळायचा, तेही कळले. दर रविवारी माणूस कपाटासमोर हात बांधून का उभा राहायचा, तेही.

अकरा पाने गेली. मी मनातल्या मनात शांतपणे त्यांवर काट मारली.

मग हवाकाकांकडे लक्ष गेले. ते हसत नव्हते. ब्लॅडरकडे बघत होते.

"म्हणजे तो..." ते म्हणाले. "माझा आजा तीनदा गेला होता."

कुणीतरी उत्तर द्यायला हवे होते. आजोबा द्यायला नव्हते. पाटी माझ्या हातात होती, खडूही होता. मी पाटी टेबलावर ठेवली, रुमाल बाजूला केला आणि तोंड उघडले.

"ते गर्वानं गप्प नव्हते," मी म्हणाले. शब्दाशब्दाला शीळ वाजत होती. सगळी खोली माझ्याकडे वळली. "त्यांना बोलता येत नव्हतं. तुमच्या आजोबांसमोर बोळकं उघडायची त्यांना लाज वाटली. नवी कवळी घेऊन आले, तोवर भिंत छातीपर्यंत आली होती. मग भिंतीवरून काय सांगायचं, दात हरवले होते म्हणून?"

हवाकाका माझ्या तोंडाकडे बघू लागले. वाकून बघू लागले.

"बाईसाहेब, तुमचेही?"

"तीन. वरचे. अभ्यासासाठी दोरा ओढताना."

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं तेव्हा..."

"उत्तर तयार होतं. दात तयार नव्हते."

ते आधी मान हलवत राहिले. मग खांदे हलायला लागले. मग ते तुकड्यांच्या ढिगावर जे बसले ते उठेनातच. "नव्वद वर्षं!" एवढेच म्हणायचे आणि परत गुडघ्यावर थापा मारायचे. धाकट्याने पाणी दिले. ते पिताना ठसका लागला.

"आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, वन्सं," भावजय माझ्या कानात म्हणाली. "आठ वर्षांपासून. रात्री तुम्ही कवळी ज्या वाटीत ठेवता ती माझी दह्याची वाटी आहे."

हातमोजेवाली तेवढ्या वेळात कवळी ब्लॅडरपासून सुटते का पाहत होती. "नाही निघत. रबर दातांत वितळून बसलंय. ओढलं तर दोन्हीचा भुगा होईल. एकत्रच ठेवावं लागेल."

हवाकाकांनी डोळे पुसले. "मग पहिल्या ओळीत काय लिहिणार?"

"दोघांची नावं," मी म्हणाले. "वेगळी काढता येत नाहीत, त्याला मी काय करू?"

"आधी कुणाचं?"

"अकारविल्हे."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, त्यांचे आजोबा आधी येतात अशी खात्री करून घेतली आणि सही केली. माझी शीळ ऐकून त्यांना दर वाक्याला नव्याने हसू येत होते. मी त्यांच्याकडे माझी शाळेतली नजर टाकली. दात नसले की ती चालत नाही, असे आढळले.

मग सगळे चहाला गेले. मी एकटीच खोलीत राहिले होते, तेव्हा कपाटाखाली लक्ष गेले. तिथे बाद झालेला जड चेंडू होता. पायाने जरासा ढकलला. तो सावकाश डावीकडे वळला आणि भिंतीला जाऊन टेकला.

मी खाली बसले. अकरा तारीख. उघडी फट. टक्.

गटार नव्हते तर.

१४ नोव्हेंबर

दीड महिना लिहिले नाही. वेळ कुठे होता? संग्रहालयाचे आज उद्घाटन झाले. नवी कवळी चांगली बसली आहे. मधल्या भिंतीला दार पाडले आहे. त्यातून दिवसभर हवाकाका ये-जा करतात. कामाला कमी, चहाला जास्त. पहिल्या खोलीत काचेच्या पेटीत ब्लॅडर आणि कवळी आहे, आणि तिथली रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. मौनपर्वाचे नाव बदलून 'दंतकथा' ठेवावे अशी धाकट्याची सूचना होती. मी ती गाळली.

समारंभात समोरच्या मैदानावर पहिला फटका हवाकाकांनी मारायचा असे ठरले होते. ऐन वेळी निर्यातीचा सगळा माल खोक्यांत बांधलेला निघाला. गाठवाली धावत आत गेली आणि कपाटाखालचा चेंडू घेऊन आली. मी "तो नको" म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले. का नको, हे कसे सांगणार होते?

हवाकाकांनी पाय उचलला, सरळ फटका मारला. चेंडू वीस हात सरळ गेला, मग मनात आल्यासारखा डावीकडे वळला, बँडवाल्याच्या ढोलावर आपटला, तिथून उडाला आणि पालिकेच्या अध्यक्षांच्या मांडीत जाऊन बसला. बँड थबकला. मग टाळ्यांनी मैदान दणाणले.

"अगदी पहिल्या चेंडूसारखा!" अध्यक्ष उभे राहून ओरडले. "ही खरी परंपरा! शाळांना वाटायला असेच पाहिजेत मला. दोन डझन!"

धाकटा हर्षाने वेडा व्हायचा राहिला होता. धावत माझ्याकडे आला. "ताई, तू तर त्या दिवशी खोलीतच होतीस. हा चेंडू असा कसा झाला गं? काही सांगता येईल?"

भावजयही बघत होती. हवाकाकाही.

मी रुमाल काढला, तोंडाला लावला, आणि आजोबांच्या पेटीकडे जाऊन हात बांधून उभी राहिले.